अपघाताचे अडसर-विश्लेषण : एका विचारपद्धतीचा इतिहास आणि भोपाळचा धडा

१. प्रस्तावना

घरातल्या प्रेशर कुकरकडे एकदा अभियंत्याच्या नजरेने पाहा. आत वाफ कोंडलेली आहे. ही वाफ आणि शेगडीपुढे उभी असलेली व्यक्ती यांच्यामध्ये काय काय आहे? जाड धातूचे भांडे आहे, घट्ट बसणारे झाकण आहे, रबरी रिंग आहे, ठरावीक दाबाला उचलली जाणारी शिट्टी आहे. शिट्टीची नळी शिताने किंवा डाळीने चोंदलीच, तर वितळून वाफेला वाट करून देणारा सेफ्टी व्हॉल्वही आहे. कुकर फुटला की घरात पहिला प्रश्न येतो, "कोणी लावला होता?" उत्तर लगेच मिळते आणि चौकशी तिथेच संपते. पण प्रश्न दुसऱ्या प्रकारेही विचारता येतो. नळी साफ होती का? व्हॉल्व योग्य प्रकारचा होता की बाजारातून आणलेला, वेळेवर न वितळणारा? वाफेला बाहेर पडायच्या दोन वाटा असताना दोन्ही एकाच वेळी बंद कशा झाल्या?

पहिल्या प्रश्नातून एक माणूस हाती लागतो. दुसऱ्या प्रश्नांतून दुरुस्तीची यादी हाती लागते. धोका आणि माणूस यांच्यामध्ये उभ्या असलेल्या वस्तूंना आपण या पाठात 'अडसर' म्हणू. दाराला आतून लावायच्या आडव्या दांड्यासाठी मराठीत हाच शब्द आहे आणि त्याचे कामही हेच असते. अपघातानंतर हे अडसर एकेक करून तपासण्याच्या पद्धतीला अडसर-विश्लेषण म्हणतात. ही पद्धत आज रासायनिक उद्योग, अणुऊर्जा, खाणी, रेल्वे अशा सर्वत्र वापरली जाते. ती कशी घडत गेली आणि १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेला ती लावली असता काय दिसते, हे आपण पाहणार आहोत.

२. कुंपणाचा वाद

अडसर ही कल्पना जुनी आहे. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले. अशा स्फोटांवर उपाय म्हणून १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी सुरक्षा-दिवा तयार केला. दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी होती. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेई, त्यामुळे ज्योत जाळीबाहेरच्या वायूपर्यंत पोचत नसे. तत्त्व अचूक होते. पण पुढे काय झाले तेही लक्षात ठेवा. दिवा हाती आल्यावर, पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या, वायूने भरलेल्या थरांत खाणमालक कामगारांना उतरवू लागले. जाळी फाटली किंवा हवेचा झोत जोराचा असला की दिवा निकामी होई. परिणामी स्फोटांतले मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. एका अडसराच्या भरवशावर मोठा धोका पत्करला जातो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

कापड गिरण्यांत धोका वेगळा होता. वाफेच्या इंजिनाची शक्ती छताखालून फिरणाऱ्या दांड्यांनी आणि चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत नेली जाई. त्यात कपडे, केस किंवा हात अडकला की माणूस वर ओढला जाई. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने अशा यंत्रभागांना कुंपण घालण्याची सक्ती केली. दशकभराने कारखाना निरीक्षकांनी उंचावरच्या दांड्यांनाही कुंपण हवे असा आग्रह धरला, तेव्हा गिरणीमालकांनी १८५५ मध्ये संघटना उभारून त्याला विरोध केला. इतक्या उंचीवरच्या दांड्यांपासून फक्त निष्काळजी कामगारालाच धोका आहे, अशा धर्तीचा युक्तिवाद त्या वादात झाला. १८५६ मध्ये कायदा सैल करण्यात आला. कामगाराचा स्वभाव हा यंत्राला कुंपण न घालण्याचे कारण होऊ शकतो का, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

भारतात १८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या आणि १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. मुलांच्या कामाच्या तासांबरोबर धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन मागण्या मांडल्या. त्यांत साप्ताहिक सुट्टीबरोबर एक मागणी अशी होती की, कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर १९२३ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या कुंपणाची तरतूद अधिक तपशिलाने आली. तुमच्या कार्यशाळेतील बेल्टवरचे किंवा ग्राइंडरवरचे गार्ड हे याच इतिहासाचे फळ आहे.

३. दोष कामगाराचा?

विसाव्या शतकात अपघातांचा अभ्यास पद्धतशीरपणे सुरू झाला. अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणारे हर्बर्ट हाइनरिश यांनी १९३१ साली औद्योगिक अपघात-प्रतिबंधावर पुस्तक लिहिले. विम्याचे दावे आणि कारखान्यांच्या नोंदी तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे होतात आणि उरलेले २ टक्के टाळता न येणारे असतात. एकामागे एक पडणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमाही त्यांचीच.

हाइनरिश यांचे श्रेय नाकारता येत नाही. अपघात हे नशीब नसून त्यांना कारणे असतात आणि ती शोधता येतात, हे त्यांनी उद्योगांच्या गळी उतरवले. यंत्रांना गार्ड बसवावेत असेही ते सांगत. पण त्यांचा ८८ चा आकडा सगळ्यांत जास्त गाजला. ज्या नोंदींवरून तो काढला, त्यांपैकी बऱ्याच पर्यवेक्षकांनी आणि व्यवस्थापनांनी लिहिलेल्या होत्या, ही गोष्ट मात्र मागे पडली. 'कामगाराची चूक' असा शेरा मारला की प्रशिक्षण किंवा शिक्षा एवढेच उपाय उरतात. यंत्र जसेच्या तसे राहते आणि पुढच्या पाळीला दुसरा माणूस त्याच जागी उभा राहतो.

४. ऊर्जा, वाघ आणि वृक्ष

या विचाराला वळण मिळाले ते १९६० च्या दशकात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६१ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. इजा होते ती ऊर्जेमुळे. पडणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा, उष्णता, वीज, रसायने, किरणोत्सार यांपैकी काहीतरी शरीराला सोसवेल त्यापेक्षा जास्त प्रमाणात पोचते, तेव्हा माणूस जखमी होतो.

विल्यम हॅडन या डॉक्टरांनी ही कल्पना पुढे नेली. १९६६ मध्ये ते अमेरिकेच्या नव्या महामार्ग-सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. रस्ते अपघातांचा विचार त्यांनी साथीच्या रोगासारखा केला. डासाला दोष देऊन मलेरिया जात नाही, तसे चालकाला दोष देऊन अपघात जात नाहीत, असे त्यांच्या भूमिकेचे सार सांगता येईल. १९७० च्या एका लेखात त्यांनी धोक्याला वाघाची उपमा दिली आणि नुकसान टाळण्याचे दहा उपाय सांगितले. थोडक्यात ते असे:

– धोका निर्माणच न करणे
– त्याचे प्रमाण कमी करणे
– तो सुटणार नाही अशी व्यवस्था करणे
– सुटलाच तर त्याचा वेग कमी करणे
– माणूस आणि धोका यांना वेळेने किंवा अंतराने वेगळे ठेवणे
– दोघांच्या मध्ये भौतिक अडसर उभा करणे
– आघात करणारा पृष्ठभाग मऊ किंवा बोथट करणे
– ज्याला इजा होऊ शकते त्याला बळकट करणे
– नुकसान लवकर ओळखून ते थांबवणे
– शेवटी उपचार व पुनर्वसन करणे

या यादीचा क्रम महत्त्वाचा आहे. वाघच नसेल तर पिंजरा लागत नाही. भौतिक अडसर यादीत सहावा आहे.

तिसरे नाव विल्यम जॉन्सन यांचे. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगासाठी त्यांनी १९७३ मध्ये 'मॉर्ट' नावाची पद्धत तयार केली. व्यवस्थापनाच्या दुर्लक्षाचा आणि जोखमीचा हा वृक्ष आहे. अपघात वरच्या टोकाला मांडायचा, मग ऊर्जेचा माग काढत, वाटेतला प्रत्येक अडसर तपासत खाली यायचे, आणि प्रत्येक अडसराच्या अपयशामागे व्यवस्थापनाचा कोणता निर्णय होता हे विचारायचे. अडसर-विश्लेषण स्वतंत्र तंत्र म्हणून प्रचारात आले ते येथून. १९९० च्या दशकात ब्रिटनचे जेम्स रीझन यांनी हीच कल्पना भोके असलेल्या चीजच्या चकत्यांच्या चित्राने लोकप्रिय केली. प्रत्येक चकती हा एक अडसर आणि प्रत्येकात काही भोके. सगळी भोके एका रेषेत आली की धोका आरपार जातो.

५. अडसर कसे तपासायचे?

डॅनिश संशोधक एरिक हॉलनागेल यांनी २००४ मध्ये अडसरांचे चार प्रकार केले. भिंत, कुंपण, टाकी यांसारखे भौतिक अडसर असतात. कुलूप, इंटरलॉक, आपोआप उघडणारा व्हॉल्व यांसारखे कार्यात्मक अडसर असतात. पाटी, दिवा, भोंगा हे सांकेतिक अडसर. नियम, परवाने, सवयी हे अमूर्त अडसर. भौतिक अडसराला कोणी वाचावे किंवा समजून घ्यावे लागत नाही. भिंत झोपलेल्या माणसालाही वाचवते. पाटी मात्र वाचणाऱ्यालाच वाचवते, आणि नियम पाळणाऱ्यालाच. म्हणून कागदावर दहा अडसर दिसले तरी त्यांतले भौतिक किती, हे आधी मोजावे.

तपासणी करताना तीन गोष्टी ठरवायच्या: धोका कोणता, त्याचे लक्ष्य कोण, आणि दोघांमध्ये कोणते अडसर असायला हवे होते. मग प्रत्येक अडसराला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, तो होता का?
दुसरा, असला तर त्या क्षणी चालू होता का?
तिसरा, चालू असता तर पुरेसा ठरला असता का?

प्रत्येक 'नाही' चा अर्थ वेगळा. पहिला 'नाही' रचनाकाराकडे बोट दाखवतो, दुसरा देखभाल आणि व्यवस्थापनाकडे, तिसरा पुन्हा रचनाकाराकडे आणि त्याने धरलेल्या गृहीतांकडे. आता ही पद्धत एका प्रत्यक्ष घटनेला लावून पाहू.

६. भोपाळ : २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र

युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या भोपाळ येथील कारखान्यात सेव्हिन म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक बनत असे. कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइडकडे होते. १९८० पासून मेथिल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, हा मधला घटक इथेच तयार होऊ लागला. एमआयसी ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, आणि पाण्याशी त्याची क्रिया होऊन प्रचंड उष्णता व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. ई-६१०, ई-६११ आणि ई-६१९ अशा तीन टाक्या अंशतः जमिनीखाली, वर काँक्रीटचा थर देऊन बसवलेल्या होत्या. त्या रात्री ई-६१० मध्ये ४० टनांहून अधिक एमआयसी होता.

संध्याकाळनंतर जवळच्या नळ्या पाण्याने धुण्याचे काम चालू होते. रात्री पावणेअकराच्या सुमारास पाळी बदलली. त्याआधी टाकीचा दाब चौरस इंचाला २ पौंड होता, अकराच्या सुमारास तो १० झाला. १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा असल्यामुळे नव्या पाळीला त्यात विशेष वाटले नाही. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. या कारखान्यात गळतीचा पहिला शोध अनेकदा डोळ्यांनीच लागत असे. मध्यरात्रीनंतर दाब ३० वर आणि लगेच मापकाच्या टोकाला गेला. टाकीवरचे काँक्रीट तडकले. सुरक्षा व्हॉल्व उघडला आणि सुमारे दोन तास विषारी वायू शहरावर पसरत राहिला.

आता धोक्यापासून वस्तीपर्यंतचे अडसर क्रमाने पाहू.

पहिला अडसर, स्लिप ब्लाइंड. नळी धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून जोडामध्ये धातूची आंधळी चकती घालायची असते. हा शुद्ध भौतिक अडसर आहे. त्या रात्री ती घातलेली नव्हती. ते करवून घेणे ज्याच्या कामात मोडे, ते रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाचे पद काही दिवस आधीच रद्द झाले होते.

दुसरा, नायट्रोजनचा दाब. टाकीत नायट्रोजन दाबाखाली ठेवला की बाहेरचे काही आत शिरणे अवघड होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ई-६१० मध्ये हा दाब टिकत नव्हता. म्हणजे कुठला तरी व्हॉल्व गळत होता, हे सहा आठवडे दिसत होते.

तिसरा, शीतकरण. एमआयसी शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा, म्हणजे क्रिया सुरू झालीच तरी मंद चालते, अशी रचना होती. शीतयंत्र जून १९८४ पासून बंद होते आणि त्यातील शीतक काढून घेतले होते.

चौथा, तापमानाचा इशारा. तो ११ अंशांना वाजण्यासाठी होता. टाकीच कायम त्याच्या वर राहू लागल्यावर इशाऱ्याला अर्थ उरला नाही. शीतकरण बंद करण्याच्या एका निर्णयाने दोन अडसर गेले.

पाचवा, रिकामी टाकी. गरज पडल्यास द्रव वळवता यावा म्हणून ई-६१९ रिकामी ठेवायची होती. तिच्यात काही एमआयसी होता, आणि त्या रात्री ती वापरली गेली नाही.

सहावा, वायू-धुलाई मनोरा. बाहेर जाणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने निष्प्रभ करण्यासाठी तो होता. उत्पादन थांबल्यामुळे तो ऑक्टोबरपासून राखीव स्थितीत ठेवला होता. पूर्ण चालू असता तरी येणारा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या कैकपट होता.

सातवा, ज्वाला-मनोरा. वायू जाळून टाकण्यासाठीचा हा मनोरा बंद होता, कारण त्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या नळीचा तुकडा बदलण्यासाठी काढून ठेवला होता.

आठवा, पाण्याचे फवारे. ते सुरू करण्यात आले. पण पाणी सुमारे १५ मीटर उंच जात होते आणि वायू सुमारे ३० मीटर उंचीवरून बाहेर पडत होता.

नववा, भोंगा. वस्तीसाठीचा भोंगा वाजला, काही मिनिटांत बंद करण्यात आला आणि बऱ्याच उशिरा पुन्हा सुरू झाला.

दहावा, अंतर. कारखान्याच्या भिंतीला लागून दाट वस्ती होती. वायू म्हणजे काय, तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेला पळू नये, यांतले काहीही लोकांना आधी सांगितलेले नव्हते.

आपले तीन प्रश्न लावा. स्लिप ब्लाइंड घातलेली नव्हती, नायट्रोजन, शीतकरण, इशारा आणि ज्वाला-मनोरा निकामी होते, धुलाई मनोरा आणि फवारे अपुरे होते, भोंगा वेळेवर वापरला गेला नाही. मध्य प्रदेश सरकारने नंतर ३,७८७ मृत्यू निश्चित केले. पीडितांच्या संघटनांचे आकडे याहून कितीतरी मोठे आहेत. सरकारच्या २००६ च्या शपथपत्रात बाधितांची संख्या ५,५८,१२५ दिली आहे.

७. पाणी कोणी सोडले?

टाकीत पाणी कसे शिरले यावर मोठा वाद झाला. नळ्या धुताना पाणी पुढे सरकत गेले, हे एक मत. असंतुष्ट कामगाराने मुद्दाम नळी जोडून थेट टाकीत पाणी सोडले, ही युनियन कार्बाइडने पुढे मांडलेली भूमिका. अनेक वर्षे वृत्तपत्रांत आणि न्यायालयांबाहेर चर्चा याच प्रश्नाभोवती फिरली.

अडसर-विश्लेषणाचे मोल इथे कळते. घटकाभर घातपाताची भूमिका खरी धरा. त्याने वरच्या यादीतील पहिले एक-दोन अडसर फार तर बाद होतात. शीतयंत्र कोणा घातपात्याने बंद केले नव्हते. ज्वाला-मनोऱ्याची नळी त्याने काढली नव्हती. फवाऱ्यांची उंची त्याने ठरवली नव्हती. ४० टनांहून अधिक विषारी द्रव वस्तीशेजारी साठवण्याचा निर्णय त्याचा नव्हता. कुठूनही, कोणाच्याही हातून पाणी शिरू शकते, हे रासायनिक कारखान्याने गृहीत धरायचेच असते, आणि अडसर असतात ते त्यासाठीच. 'कोणी' हा प्रश्न न्यायालयासाठी आवश्यक आहे. अभियंत्याने मात्र त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबू नये.

८. पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धत डोळे झाकून वापरू नये. तिच्या दोन मर्यादा भोपाळमध्येच दिसतात.

पहिली, अडसर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे आपण मानतो. दहापैकी एक निकामी होण्याची शक्यता थोडी, मग सगळे एकदम निकामी होणे जवळजवळ अशक्य, असा हिशेब आपण करतो. पण भोपाळमध्ये भोके योगायोगाने एका रेषेत आली नाहीत. सेव्हिनची मागणी घटली होती, कारखाना तोट्यात होता, खर्चकपात चालू होती. एमआयसी विभागातील पाळीवरचे कामगार सुमारे निम्म्यावर आले होते. शीतकरण, देखभाल, मनुष्यबळ हे वेगवेगळे अडसर एकाच कारणाने पोखरले गेले. सूचनाही मिळालेल्या होत्या. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या अपघातात एका कामगाराचा मृत्यू झाला होता. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन पथकाने पाहणी करून विषारी गळतीची शक्यता नोंदवली होती. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. म्हणून प्रत्येक अडसराच्या अपयशाचे कारण लिहून झाल्यावर ती कारणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच कारण पुन्हा पुन्हा आले, तर तुमच्याकडे दहा अडसर नव्हतेच, एकच होता.

दुसरी, अडसर मोजण्याच्या नादात मूळ धोक्याचा विसर पडतो. हॅडन यांच्या यादीतला पहिला उपाय आठवा. ब्रिटिश रसायन-अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ १९७० च्या दशकापासून सांगत होते की जे साठवलेलेच नाही ते गळू शकत नाही. एमआयसी हा विकायचा माल नव्हता, मधला घटक होता. तो लागेल तसा बनवून लगेच वापरता आला असता. इतकेच नव्हे, तर त्याच कच्च्या मालाच्या क्रियांचा क्रम बदलून, म्हणजे अल्फा-नॅफ्थॉलची आधी फॉस्जीनशी आणि नंतर मेथिल अमाइनशी क्रिया करून, एमआयसी न बनवताही कार्बारिल तयार करता येते. त्या मार्गात फॉस्जीनचा धोका राहतोच, पण एमआयसीची टाकी राहत नाही. टाकी नसती तर तिच्यासाठीच्या अडसरांची चर्चाही करावी लागली नसती.

९. नंतर काय बदलले?

भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी प्रकरण चार-अ जोडले गेले. त्यानुसार कारखान्यातील धोक्यांची आणि आपत्कालीन उपायांची माहिती कामगारांना व परिसरातील लोकांना देणे बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणीचे नियम आले आणि १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा. अमेरिकेत रसायन-अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ मध्ये प्रक्रिया-सुरक्षा केंद्र स्थापन केले. अडसरांचे थर मोजण्याची आजची पद्धत तिथूनच प्रसार पावली.

न्यायाची गोष्ट मात्र संथ राहिली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. फौजदारी खटल्यात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवणारा निकाल जून २०१० मध्ये लागला आणि शिक्षा दोन वर्षांची झाली. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेली मागणी, म्हणजे इजा झालेल्याच्या उदरनिर्वाहाची सोय, भोपाळच्या अनेक कुटुंबांना शंभर वर्षांनीही झगडून मागावी लागली.

१०. समारोप

तुमच्यापैकी बरेच जण उद्या कारखान्यात, बांधकामावर किंवा खाणीत नोकरीला लागतील. 'तात्पुरते बंद ठेवा' अशा कागदावर सही करण्याची वेळ तुमच्यावर येईल. कधी तो गार्ड असेल, कधी इंटरलॉक, कधी इशाऱ्याची घंटा. कारणही रास्त वाटेल. उत्पादन थांबलेले असेल, सुटा भाग यायचा असेल, खर्च वाचत असेल. भोपाळमध्येही प्रत्येक अडसर बंद करण्यामागे त्या त्या वेळी पटण्यासारखे काहीतरी कारण होते. सही करण्याआधी एवढेच विचारा: हा अडसर बंद असताना धोका आणि माणूस यांच्यामध्ये आणखी काय उरते? ते आज चालू आहे का, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे का? आणि धोका तसाच ठेवून अडसर काढण्याऐवजी आधी धोका काढता येईल का?

या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत नाहीत. त्यासाठी टाकीपाशी चालत जावे लागते.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील एक यंत्र निवडा. धोका, लक्ष्य आणि मधले सर्व अडसर लिहा. त्यांतील भौतिक किती आणि सूचनांवर अवलंबून असलेले किती, ते मोजा.
२. भोपाळच्या दहा अडसरांचा तक्ता तयार करा. प्रत्येकासमोर 'नव्हता', 'बंद होता', 'अपुरा होता' यांपैकी योग्य शेरा आणि त्यामागील निर्णय लिहा. कोणते कारण एकापेक्षा अधिक वेळा आले?
३. हाइनरिश यांचा ८८ टक्क्यांचा निष्कर्ष आणि १८५० च्या दशकातील गिरणीमालकांचा युक्तिवाद यांत साम्य आणि फरक काय आहेत? २०० शब्दांत उत्तर लिहा.
४. हॅडन यांच्या दहा उपायांपैकी कोणते उपाय भोपाळमध्ये रचनेच्या टप्प्यावरच योजता आले असते, ते सकारण सांगा.